न आलेलं मत कुणाच्या पारड्यात?

मी बचत गटांची समन्वयक. महिन्यातले वीस दिवस या गावाहून त्या गावाला गटांच्या बैठका घेत फिरते. बैठकीत हप्ते, कर्ज, व्याज, वहीतली आकडेमोड हे सगळं होतं, पण शेवटी चहा आला की विषय बऱ्याचदा एकाच जागी येतो. गावातलं दारूचं दुकान.

आज मी दारूच्या तोट्यांवर बोलणार नाही. ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. मी बोलणार आहे ते दुकान बंद करण्यासाठी जे मतदान होतं, त्याच्या नियमांवर. आपण त्याला उभी बाटली, आडवी बाटली म्हणतो. माझ्या सासरच्या गावात हे मतदान झालं आणि आम्ही हरलो. आलेल्या बायकांपैकी चारातल्या तिघींनी दुकान बंद करा म्हणून शिक्का मारला, तरीही हरलो. कसं, ते सांगते. तुमच्या गावाला त्याचा उपयोग होईल.

आधी कायदा समजून घेऊ. एरवी आपण मत देतो ते माणसाला. सरपंच कोण, आमदार कोण, खासदार कोण. पण कधी कधी माणूस निवडायचा नसतो, एका प्रश्नावर लोकांचा कौल घ्यायचा असतो. त्याला सार्वमत म्हणतात. आपल्या देशात असं मतदान फार कमी वेळा होतं. महाराष्ट्रात मात्र दारूबंदी कायद्याखाली २००८ साली निघालेल्या आदेशाने गावातल्या बायकांच्या हातात हे साधन दिलं आहे. सरकारचा परवाना असलेलं दुकान गावात नको असेल, तर मत देऊन तो परवाना बंद करून घेता येतो.

त्याच्या पायऱ्या अशा. पहिली पायरी सह्यांची. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निदान २५ टक्के बायकांनी सह्या किंवा अंगठे करून मागणीचा अर्ज द्यायचा. सगळ्या मतदारांनी मिळून मागणी करायची असेल, तर एकूण मतदारांच्या २५ टक्के सह्या लागतात. अर्ज बायकांचा असेल तर मतदानही बायकांचंच होतं. दुसरी पायरी पडताळणीची. राज्य उत्पादन शुल्क विभागाची माणसं गावात येतात आणि सही खरंच त्याच बाईची आहे का, ते तपासतात. तिसरी पायरी मतदानाची. मतदान गुप्त असतं, आणि चिठ्ठीवर दोन चित्रं असतात. बाटली उभी म्हणजे दुकान चालू राहू दे. बाटली आडवी म्हणजे दुकान बंद करा.

आता चौथी गोष्ट नीट ऐका, कारण सगळं तिथेच अडतं. दुकान बंद व्हायला मतदार यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. मतदानाला आलेल्यांपैकी निम्मी नव्हेत. यादीत जेवढी नावं आहेत, तेवढ्यांपैकी निम्म्याहून जास्त.

सरपंचाच्या निवडणुकीत असं नसतं. तिथे दहा माणसं आली नि सहा मतं मिळाली, तरी सरपंच निवडून येतो. न आलेल्यांचा हिशेब कुणी धरत नाही. इथे मात्र धरला जातो. जी बाई घरी बसली, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीच्या पारड्यात जातं. तिला दुकान हवं असो वा नसो. जी बाई या जगात नाही पण यादीत आहे, तीही उभ्या बाटलीच्याच बाजूने उभी राहते.

आता आमच्या गावाचं सांगते. यादीत १२६४ महिला मतदार. त्यांचा चौथा हिस्सा ३१६. आम्ही आठ दिवसांत ३४० सह्या गोळा केल्या. उत्साह एवढा की रात्री टॉर्च घेऊन वस्तीवर गेलो. अर्ज दिला आणि निवांत झालो. पडताळणीला साहेब आले तेव्हा ४१ सह्या बाद झाल्या. का? सून म्हणाली, सासूबाई शेतात आहेत, मीच करते त्यांची सही. एका घरात तर मुलीने आई, आजी आणि चुलती अशा तिघींच्या सह्या एकाच हाताने, एकाच पेनाने केल्या होत्या. मनात पाप नव्हतं कुणाच्या. त्या आजींना विचारलं असतं तर त्यांनी आनंदाने अंगठा दिला असता. पण खोटी सही ती खोटीच. राहिल्या २९९. अर्ज फेटाळला गेला.

त्या दिवशी मला राग आला होता. आता वाटतं, झालं ते बरंच झालं. दुसऱ्याच्या नावाने सही चालवून घेतली असती, तर उद्या दुकानाच्या बाजूनेही कुणीतरी आपल्या नावाने सह्या करून दिल्या असत्या. नियम कडक असला की तो आपलंही रक्षण करतो. दुसऱ्यांदा आम्ही नियम केला. जिची सही तिनेच करायची, समोर बसून, आणि गटाच्या दोघी साक्षीला. सह्या चौथ्या हिश्शापेक्षा बऱ्याच जास्त घ्यायच्या. या वेळी ४०२ झाल्या आणि पडताळणीत टिकल्या.

मतदानाचा दिवस आला. शाळेत केंद्र होतं. सकाळपासून रांग. डोक्यावर पदर, कडेवर पोर, हातात ओळखपत्र. ८०१ बायकांनी मत दिलं. संध्याकाळी मोजणी झाली. आडवी बाटली ५९८. उभी बाटली १७१. बाद ३२. आम्ही टाळ्या वाजवायला हात उचलले, तेवढ्यात साहेबांनी सांगितलं की ६३३ हवी होती. पस्तीस मतं कमी. बाहेर दुकानवाल्याच्या माणसांनी फटाके वाजवले आणि आम्ही शाळेच्या पायरीवर बसून राहिलो.

पुढच्या आठवड्यात गटाच्या बैठकीत आम्ही मतदार यादी पुढ्यात घेतली. न आलेल्या ४६३ जणींचं एकेक नाव वाचलं. हे काम आम्ही मतदानाआधी करायला हवं होतं. त्यात ६१ बाया वारलेल्या निघाल्या. त्यातली एक माझी चुलत सासू, जिचं वर्षश्राद्ध होऊन चार वर्षं झाली. ११८ मुली लग्न होऊन दुसऱ्या गावी नांदायला गेलेल्या. ९७ जणी ऊसतोडीला गेलेल्या, कोयता हातात घेऊन दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडात. झाल्या २७६. उरल्या १८७. त्या १८७ जणी त्या दिवशी गावातच होत्या.

आता हिशेब करा. वारलेल्या आणि सासरी गेलेल्या मिळून १७९ नावं. ती वेळेवर कमी झाली असती तर यादी १०८५ वर आली असती आणि निम्म्याहून जास्त म्हणजे ५४३ मतं लागली असती. आम्हाला पडली होती ५९८. म्हणजे तेवढ्याच मतांत आम्ही जिंकलो असतो. आम्हाला दारूवाल्याने हरवलं असं आम्ही म्हणत होतो. खरं तर जुन्या यादीने हरवलं.

म्हणून माझं पहिलं सांगणं. सह्या गोळा करायच्या आधी यादी हातात घ्या. गावात मतदार यादीचं काम बघणारे बीएलओ असतात, बऱ्याच गावांत आपल्याच शाळेचे गुरुजी नाहीतर अंगणवाडी ताई. वारलेल्या माणसाचं नाव कमी करायला सात नंबरचा फॉर्म असतो. लग्न होऊन गेलेल्या मुलीने आठ नंबरचा फॉर्म भरला की तिचं नाव सासरच्या यादीत जातं. नव्याने अठरा वर्षांची झालेली मुलगी आणि जिचं नाव कुठल्याच यादीत नाही अशी सून, यांच्यासाठी सहा नंबरचा फॉर्म. अठरा पूर्ण झाल्याची तारीख आता वर्षातून चार वेळा धरतात. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची एक तारीख. त्यामुळे वर्षभर थांबायची गरज नाही.

पण एक गोष्ट हात जोडून सांगते. ऊसतोडीला गेलेल्या बाईचं नाव काढायला जाऊ नका. आमच्या बैठकीत एकीने तसं सुचवलं होतं. ती म्हणाली, नाहीतरी त्या सहा महिने नसतातच. पण त्या याच गावच्या आहेत. त्यांचं घर इथे आहे आणि दारूचा मार त्यांनाही इतरांइतकाच बसतो. त्यांचं नाव काढून जिंकलो तर आपण कुणाचा हक्क मारून जिंकलो? त्यापेक्षा मागणीचा अर्जच अशा वेळी द्या, की मतदान टोळ्या परत आल्यावर, पाडव्यानंतर होईल. दिवाळीनंतर टोळ्या निघून गेल्या की गाव निम्मं रिकामं होतं. अशा दिवसांत मतदान मागणं म्हणजे आपल्याच हाताने आपली मतं गाडीत बसवून पाठवणं.

आता त्या १८७ जणींचं. मी त्यांच्यातल्या बऱ्याच जणींच्या घरी गेले. कुणी म्हणाली, भांगलणीला मजुरीवर गेले होते, एक दिवसाची हजेरी कोण बुडवेल. कुणी म्हणाली, मला वाटलं एवढ्या जणी जाताहेत, माझ्या एका मताने काय होणार. एका वहिनीने दार लोटून हळूच सांगितलं, घरातून बाहेर पडू नको म्हणाले. एकीचा नवरा दुकानातच कामाला. ती म्हणाली, ताई, दुकान बंद झालं तर माझी चूल कशी पेटायची? तिला मी काही उत्तर देऊ शकले नाही. तिची अडचणही खरी आहे. तिने उभ्या बाटलीला मत दिलं असतं तरी मी तिला नाव ठेवलं नसतं. मतदान गुप्त आहे ते त्यासाठीच. दुकानदाराच्या घरातल्या सुनेला आडव्या बाटलीवर शिक्का मारता यावा आणि आमच्या गटातल्या बाईला उभ्या बाटलीवर, आणि दोघींना रात्री निवांत झोप लागावी.

आणि ती ३२ बाद मतं? कुणी दोन्ही चित्रांवर शिक्का मारला, कुणी मधल्या रेघेवर. ती सगळी आडवीची धरली असती तरी तीन मतं कमीच पडली असती, पण ती बाद झाली यात आमचीही चूक होती. आम्ही गावभर दारू वाईट, दारू वाईट म्हणत फिरलो. चिठ्ठी कशी असेल हे कुणाला दाखवलंच नाही. एक आजी मतदान करून बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, पोरी, मी उभ्या बाटलीवर मारला बरं शिक्का. माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं, का हो आजी? त्या म्हणाल्या, आडवी म्हणजे पिऊन आडवा पडलेला, तो कशाला निवडू? आता यात आजींची काय चूक? प्रश्न विचारताना होय म्हणजे काय आणि नाही म्हणजे काय, हे ज्याला वाचता येत नाही त्यालाही लख्ख कळलं पाहिजे. म्हणून आता आम्ही कागदावर दोन बाटल्या काढून घरोघरी दाखवतो आणि एकच वाक्य शिकवतो. बाटली पाडली की दुकान पडलं.

चित्रावरून आठवलं. आपल्या शेजारच्या गोव्यातही एकदा असं मतदान झालं होतं. अख्ख्या गोव्याच्या भवितव्यावर. पोर्तुगीज गेल्यावर प्रश्न आला की गोव्याने महाराष्ट्रात सामील व्हायचं की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहायचं. त्यासाठी संसदेने खास कायदा केला आणि १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. चिठ्ठीवर दोन चिन्हं होती. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन होणं. दोन पानं म्हणजे वेगळं राहणं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. चौतीस हजारांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला.

या मतदानातून मला दोन गोष्टी शिकाव्याशा वाटतात. पहिली अशी की मतदानाआधी तिथल्या सरकारने राजीनामा दिला होता. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री होते आणि त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विलीनीकरणाच्या बाजूचा. सत्तेत बसून मतदान घेतलं तर लोक विश्वास ठेवणार नाहीत, अशी मागणी झाली आणि ते सरकार बाजूला झालं. आपल्या गावालाही हे लागू आहे. मतदान घेणारा आणि निकालात ज्याचा स्वार्थ आहे तो, हे दोघे वेगळे असले पाहिजेत. दुकानदाराचा पाहुणा मतदान केंद्रात नको, आणि गटाची ताईही केंद्रात चिठ्ठ्या वाटायला नको.

दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते. जानेवारीत गोव्याच्या लोकांनी विलीनीकरणाला नाही म्हटलं. त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच विधानसभेची निवडणूक झाली, आणि त्याच लोकांनी पुन्हा बांदोडकरांच्याच पक्षाला सत्ता दिली. म्हणजे लोकांनी प्रश्न वेगळा धरला आणि पक्ष वेगळा धरला. माणूस आम्हाला हवा, पण त्याची ही गोष्ट आम्हाला मान्य नाही. प्रश्नाचं मतदान वेगळ्या दिवशी होतं म्हणून त्यांना हे इतकं स्वच्छ सांगता आलं.

हे मी का सांगते? मला बायका नेहमी विचारतात, की ताई, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीबरोबरच बाटलीचं मतदान का नाही ठेवत? त्या दिवशी तर सगळं गाव येतं. मुंबई-पुण्याची माणसंही गाड्या करून येतात. निम्म्याची अट एका झटक्यात पार होईल. प्रश्न बरोबर आहे. अमेरिकेत पुष्कळ राज्यांत असं करतातही. उमेदवारांच्या नावांखाली त्याच मतपत्रिकेवर लोकांना एखाद्या प्रश्नावर मत विचारतात. खर्च वाचतो, माणसंही जास्त येतात. मलाही आधी तेच वाटायचं.

पण आपल्या गावची निवडणूक डोळ्यांपुढे आणा. दोन पॅनल, भावकी, जेवणावळी. तेव्हा बाटलीचा प्रश्न आला तर एक पॅनल उभ्या बाटलीचं आणि दुसरं आडव्या बाटलीचं होऊन बसेल. मग ज्या बाईला दुकान नको आहे पण जिचा दीर त्या पॅनलमध्ये आहे, तिने काय करायचं? आज दोन्ही पॅनलच्या घरांतल्या बायका आमच्या गटात एका सतरंजीवर बसतात आणि या प्रश्नावर एक आहेत. ती एकी निवडणुकीच्या धुरळ्यात टिकणार नाही. म्हणून वेगळा दिवस असणंच बरं, असं आता माझं मत झालं आहे. त्याची किंमत मात्र आपल्याला मोजावी लागते. त्या दिवशी कुणी गाडी पाठवत नाही की घरी न्यायला येत नाही. एकीने दुसरीला हाताला धरून न्यावं लागतं.

हे होऊ शकतं. साताऱ्याच्या जावळी तालुक्यात बायकांनी मतं देऊन दुकानं बंद करून दाखवली आहेत. त्याही आपल्यासारख्याच कामाच्या रगाड्यातल्या बाया आहेत.

आता शेवटचं. समजा जिंकलो, परवाना बंद झाला. तेवढ्याने दारू संपत नाही. हे मतदान परवान्याच्या दुकानापुरतं आहे. ओढ्याकाठची हातभट्टी आणि पानटपरीतल्या चपट्या बाटल्या यांना परवानाच नसतो, मग मतदानाने काय बंद करणार? तो आधीपासूनच गुन्हा आहे आणि त्यासाठी पोलीस आणि उत्पादन शुल्क विभागाकडे तक्रार करावी लागते. गावात ग्रामरक्षक दल नेमण्याची सोयही आता कायद्यात आहे. त्याची मागणी ग्रामसभेत लावून धरा. मत दिल्यावर आपलं काम संपलं असं धरू नका.

आमच्या गावात दुसऱ्या वेळची तयारी चालू आहे. दर शुक्रवारी गटाचे हप्ते झाले की अर्धा तास यादी वाचायची, असा नेम केला आहे. कोण वारलं, कोण नांदायला गेलं, कोण नवीन सून आली. प्रत्येक दहा घरांमागे एक बाई नेमली आहे. मतदानाच्या दिवशी त्या दहा घरांतल्या बायका आल्या का, एवढंच तिने बघायचं. त्यांनी कशावर शिक्का मारला हे विचारायचं नाही. मजुरीला जाणाऱ्यांनी सकाळी आधी मत द्यायचं आणि मग शेतावर जायचं. शेतमालकिणींनीही त्या दिवशी दोन तास उशिरा आलेल्या बाईची हजेरी कापायची नाही, असं चार जणींनी गटात कबूल केलं आहे. त्यातल्या दोघींच्या घरून दुकानाला पाठिंबा आहे. तरी कबूल केलं.

दार लोटून बोललेली ती वहिनी परवा बैठकीला आली होती. एका कोपऱ्यात बसली. जाताना तिने विचारलं, ताई, यादीत माझं नाव बरोबर आहे ना, तेवढं बघा. मी बघितलं. बरोबर आहे. अनुक्रमांक तिला कागदावर लिहून दिला, तो तिने घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला.

तुम्हीही या आठवड्यात एवढंच करा. गावची यादी मिळवा आणि तुमच्या गटातल्या सगळ्याजणींची नावं त्यात आहेत का ते बघा. दुकान बंद करायचं की नाही हे नंतर तुम्ही तुमच्या मनाने ठरवा. पण ठरवायचा दिवस येईल तेव्हा तुमचं मत तुमच्याच हाताने पडू दे. घरी बसून ते भलत्याच पारड्यात जायला नको.

येते मी. नमस्कार.